वॅट वेगळे, अंश वेगळे

२०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना निघाली आणि गणपतीच्या मखराचं सगळं गणित बदललं. थर्माकोलचे कोरीव खांब गेले. पुठ्ठा, कापड, बांबू, कागदी फुलं आली. थर्माकोलला टाचण्या आणि फेविकॉल पुरायचा. जाड पुठ्ठ्याच्या कमानीचा जोड मात्र फेविकॉल सुकेपर्यंत धरून बसायला कुणाला वेळ असतो? ग्लू गन घराघरांत शिरली ती अशी.

मी मखरं, रुखवत, आकाशकंदील करते आणि शिकवतेही. श्रावण लागला की विचारणा सुरू होते, "काकू, ग्लू गन कुठली घेऊ?" पुण्यात बोहरी आळीत जा, नाहीतर मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला जा, दुकानदार वॅट सांगतो आणि गिऱ्हाईक त्यातला मोठा आकडा उचलतं. रंग बघतात, किंमत बघतात, सोबत गोंदाच्या कांड्या किती फुकट मिळतात तेही बघतात. गन तापते कशी, किती तापते आणि तापलेली राहते का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. गन घ्यायची तर याच प्रश्नांवर घ्यावी, असं माझं ठाम मत आहे.

१. वॅट म्हणजे तापमान नव्हे.

हे एवढं एक मनात पक्कं बसलं तरी निम्मं काम झालं. २० वॅटची छोटी गन आणि १०० वॅटची मोठी गन, दोन्ही १९० अंश सेल्सिअसला चालणाऱ्या असू शकतात. उलट ४० वॅटची एखादी गन १२० अंशांवरच थांबणारी असते. लहान शेगडीवर ठेवा की मोठ्या, पाणी शंभरालाच उकळतं. फरक पडतो तो वेळेत आणि पातेल्याच्या आकारात. गनचंही तसंच आहे. गोंद किती गरम होणार हे तापमान ठरवतं. तो किती झपाट्याने आणि किती सलग मिळणार, हे वॅट ठरवतात.

थोडा हिशेब मांडते. ११ मिलिमीटर जाडीची, २० सेंटिमीटर लांबीची कांडी साधारण १८-२० ग्रॅम भरते. ती खोलीच्या तापमानापासून १९० अंशांपर्यंत वितळवून न्यायची तर ढोबळमानाने ७ हजार ज्यूल उष्णता लागते. १०० वॅटचा हीटर मिनिटाला ६ हजार ज्यूल देतो, म्हणजे एक कांडी मिनिट-सव्वा मिनिटात वितळवण्याची त्याची ताकद आहे. २० वॅटचा हीटर मिनिटाला १,२०० ज्यूल देतो. सगळी उष्णता कांडीतच गेली असं धरलं तरी त्याला सहा मिनिटं लागतील. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत जाते, त्यामुळे दोघांनाही याहून जास्त वेळ लागतो.

आता मखराच्या मागच्या चौकटीवर लांब रेघ ओढायची आहे असं समजा. छोटी गन पहिली वीतभर रेघ छान देते, मग गोंद घट्ट येऊ लागतो, ट्रिगर जड होतो आणि आपण दातओठ खाऊन दाबत बसतो. ती गन बिघडलेली नसते. खर्च झालेली उष्णता तिला भरून काढता येत नाही, इतकंच. लेस, टिकल्या, मोती, कागदी फुलं अशा ठिपक्या-ठिपक्यांच्या कामाला २० वॅट पुरतात. घरात सणासुदीचं मिश्र काम असेल तर ४० ते ६० वॅट घ्यावेत. मंडळाची आरास, लाकडी चौकटी, पुठ्ठ्याचे मोठे खांब असं सलग काम असेल तर ८०-१०० वॅटांच्या खाली येऊ नये.

२. आत पीटीसी हीटर आहे का, हे विचारा.

बहुतेक घरगुती गनमध्ये चिनी मातीसारख्या दिसणाऱ्या पदार्थाची एक छोटी चकती किंवा पट्टी असते, तोच पीटीसी हीटर. हा पदार्थ मुळात बेरियम टायटनेट. याचा गुण असा, की ठरावीक तापमान गाठलं की त्याचा विद्युतरोध एकदम कित्येक पटींनी चढतो. रोध वाढला की वीज कमी ओढली जाते आणि तापणं आपोआप आवरतं. गार पडू लागला की रोध उतरतो आणि वीज पुन्हा वाहू लागते. हा पलटा कुठल्या अंशाला घ्यायचा, हे बनवतानाच ठरवता येतं. नुसतं बेरियम टायटनेट साधारण १२० अंशांना पलटतं. त्यात शिसं मिसळलं की तो बिंदू वर सरकतो. वेगळा थर्मोस्टॅट लागत नाही, टकटक करत उघडझाप होणारा संपर्क नाही, त्यामुळे बिघडायलाही फारसं काही नाही.

याचा आपल्याकडे फार मोठा उपयोग आहे. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून बरंच खाली येतं. साध्या तारेच्या हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे १८० व्होल्टला ती निम्म्याच्या जरा वर उरते. पीटीसी त्याच व्होल्टेजला तापायला थोडा जास्त वेळ घेतो, पण तापल्यावर जवळजवळ त्याच अंशावर टिकतो. सांगली-सोलापूरकडच्या माझ्या विद्यार्थिनींना मी म्हणूनच पीटीसीचा आग्रह धरते.

मात्र हीटर स्वतःला आवरतो म्हणून गन दिवसभर चालू ठेवून चालत नाही. हीटर सांभाळला जातो, आतला गोंद नाही. तासन् तास १९० अंशांत पडून राहिलेला गोंद पिवळा, मग तपकिरी होतो, जळकट वास येतो आणि त्याचे काळे कण नोझलमध्ये अडकतात. पांढऱ्या पुठ्ठ्यावर तो तपकिरी ठिपका काही केल्या लपत नाही. अर्धा तास हात लागणार नसेल तर बटण बंद करावं. म्हणून गनवर स्वतःचं बटण आणि दिवा हवाच. प्रत्येक वेळी सॉकेटपर्यंत उठावं लागलं तर ती कुणी बंद करत नाही.

३. लेबलवर दोन आकडे असतील तर दोन्ही वाचा.

काही गनवर "२५ (१५०) वॅट" असं छापलेलं असतं. गार असताना पीटीसी भरपूर वीज ओढतो, तो मोठा आकडा. तापून स्थिर झाल्यावर थोडीच ओढतो, तो लहान. खोक्यावर ठळक अक्षरांत बऱ्याचदा मोठाच छापतात. सलग कामाचा अंदाज घेताना दोन्ही बघावेत आणि दोन गनची तुलना करताना लहानाशी लहान, मोठ्याशी मोठा असाच ताळा घ्यावा. तापमानाचा आकडा खोक्यावर कुठेच नसेल तर ती गन मी घेत नाही. दुहेरी चौकोनाचं चिन्ह आहे का, तेही बघते. दोन पिनांच्या गनला दुहेरी इन्सुलेशन असल्याची ती खूण आहे.

४. आधी चिकटवायची वस्तू ठरवा, मग अंश.

बाजारात ढोबळ दोन जाती आहेत. कमी तापमानाची गन १२० अंशांच्या आसपास चालते, जास्त तापमानाची १९० च्या आसपास. कुठली चांगली, या प्रश्नाला अर्थ नाही. कशासाठी, हे विचारावं.

थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरिन, ते १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. शाळेच्या प्रकल्पांत टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल अजून येतोच. त्यावर १९० चा गोंद टाकला की तो खड्डा पाडत आत उतरतो आणि वरची वस्तू तिरकी होते. १२० चा गोंद थोडा निवू देऊन लावला तर निभतं. फोम शीट, सॅटिनची रिबन, नेट, प्लास्टिकचे मोती, ॲक्रिलिकचे कुंदन, फुगे, खरी फुलं ही सगळी कमी तापमानाची मंडळी. सॅटिनवर जास्त गरम थेंब पडला की मागून सुरकुती उमटते आणि इस्त्रीनेही जात नाही. प्लास्टिकच्या मोत्यावरचा मुलामा उष्णतेने सुटतो आणि चकाकी जाते. शेवंती-झेंडूच्या देठाला कमी तापमानाचा गोंदही टोकाशीच लावावा.

जाड पुठ्ठा, लाकूड, एमडीएफ, बांबू, करवंटी, गोणपाट यांना जास्त तापमानच हवं. गोंद पातळ असेल तरच धाग्यांत, भेगांत, छिद्रांत उतरतो आणि तिथे घट्ट होऊन पकडतो. कमी तापमानाचा गोंद गोणपाटावर नुसता बसतो. दुसऱ्या दिवशी नखाने अख्खा थेंब उचलून येतो.

रुखवतातलं सुपारीचं काम बघा. सुपारीचे वारकरी, सुपारीचे वधूवर, भटजी. एवढ्याशा सुपारीवर फेटा बसवायचा, कपाळाला टिकली, हातात टाळ. सुपारी कठीण आणि गुळगुळीत, फेटा सॅटिनचा, टाळ धातूचे. एका बोटाएवढ्या बाहुलीत तीन तऱ्हेचे पृष्ठभाग आले. मी सुपारीचा माथा आधी काचकागदाने खरवडते, त्यावर जास्त तापमानाचा टाचणीच्या माथ्याएवढा ठिपका ठेवते, मनात दोन अंक मोजते आणि मग फेट्याची पट्टी टेकवते. तेवढ्या वेळात गोंदाने सुपारीला धरलेलं असतं आणि रिबन चुरडेल इतका तो गरमही राहिलेला नसतो. दोन्ही बाजू सोसतील असा क्षण साधणं हेच यातलं कसब, आणि ते हाताला सवयीनेच येतं.

धातू आणि काच यांची तऱ्हा निराळी. स्टीलच्या तांब्यावर टाकलेला थेंब टेकताक्षणी आपली उष्णता तांब्याला देऊन टाकतो. वरून ओला दिसतो, पण तांब्याला लागलेली बाजू कधीच गोठलेली असते, त्यामुळे तो पकडत नाही. अशा वेळी गनचे अंश वाढवत बसण्यापेक्षा तांब्याच केस वाळवायच्या ड्रायरने कोमट करून घ्यावा. कलश सजवताना याचा लगेच प्रत्यय येतो. आणि समारंभ झाल्यावर तोच गोंद काढायचा असेल तर कडेला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडावेत. तो सोलून निघतो, भांड्याला ओरखडा येत नाही.

५. दुहेरी तापमानाची गन घेण्यासारखी, पण तिचा स्वभाव ओळखून.

एकाच गनवर "लो" आणि "हाय" अशी कळ असलेली गन घरगुती कामाला मला सर्वांत सोयीची वाटते. एकच लक्षात ठेवायचं, की वर चढणं झटपट होतं आणि खाली उतरणं सावकाश. कळ "लो" वर केली म्हणून गोंद त्या क्षणी १२० वर येत नाही. आतला धातूचा कोष आणि त्यातला गोंद निवायला बराच वेळ जातो. त्यामुळे नाजूक काम आधी उरकावं आणि पुठ्ठा-लाकडाचं नंतर घ्यावं. माझ्या वर्गात सगळ्या आरासीचा क्रमच असा लावलेला असतो: आधी कमी तापमानावर फुलं, लेस, मोती यांचे सुटे भाग तयार करायचे, मग कळ वर करून सांगाडा जोडायचा आणि गन निवल्यावर सुटे भाग चढवायचे.

डिजिटल पडद्याच्या गनही आता मिळतात, १०० पासून २०० अंशांच्या पुढेपर्यंत हव्या तेवढ्यावर ठेवता येणाऱ्या. रोजचं काम असेल तर पैसे वसूल होतात. पडद्यावरचा आकडा आतल्या सेन्सरजवळचा असतो, नोझलच्या टोकाचा नव्हे, हे धरून चालावं. नवी गन आली की टाकाऊ तुकड्यांवर वेगवेगळ्या अंशांना थेंब टाकून बघते आणि आपल्या वस्तूंचे आकडे वहीत लिहून ठेवते.

६. तापली का, हे ट्रिगर सांगतो.

साधारण तीन ते पाच मिनिटं द्यावी लागतात. ट्रिगर हलक्या बोटाने दाबला आणि गोंद सहज आला तर गन तयार. जोर लावावा लागत असेल तर थांबावं. जोर केला की मऊ झालेला गोंद पुढे जागा न मिळाल्याने कांडीच्या कडेने मागे सरकतो, मागच्या रबरी नळीतून बाहेर पडतो आणि तिथेच गोठून कांडी अडकवतो. बहुतेक गन हीटर जळून बंद पडत नाहीत, या अडकण्याने निकामी होतात. अर्धी वितळलेली कांडी मागून ओढून काढायचा मोहही याचसाठी टाळावा.

७. पंखा बंद करा.

आपल्याकडे पंख्याखाली बसूनच काम चालतं. पंख्याच्या वाऱ्याने थेंबावर लगेच साय धरते, वरची वस्तू टेकेपर्यंत पकड गेलेली असते आणि कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू सगळ्या मखरावर उडतात. लोक म्हणतात गन गरम होत नाही. गन होत असते. पंखा बंद केला तर तीच गन चांगली चालते. लांब, बारीक नोझलही टोकाशी थंड पडतं, म्हणून बारीक नोझल हवं असेल तर त्यावर सिलिकॉनचं टोपण असलेलं घ्यावं. उष्णता टिकते आणि बोटही वाचतं.

८. कांडी गनच्या तापमानाला साजेशी हवी.

छोट्या गनला ७ मिलिमीटर, मोठ्या गनला ११, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ७ च्या कांडीचं क्षेत्रफळ ११ च्या कांडीच्या जेमतेम चाळीस टक्के भरतं, हे लक्षात येत नाही. एका दाबाला तेवढाच कमी गोंद मिळतो. कमी तापमानाला वितळणारी कांडी १९० च्या गनमध्ये घातली की ती पाण्यासारखी ठिबकत राहते. जास्त तापमानाची कांडी १२० च्या गनमध्ये घातली तर ढेकळासारखी येते. पाकिटावर दोन्ही तापमानांना चालते असं लिहिलेलं असेल तर प्रश्न नाही.

९. स्टँड आणि ठिबकणं.

गन आडवी ठेवली तर पातळ गोंद मागे हीटरकडे वाहतो. स्टँड भक्कम हवा. स्टँड म्हणून बाहेर येणारी पातळ तार डुगडुगते. खाली फरशीचा तुकडा ठेवावा. वर्तमानपत्र नको.

१०. कॉर्डलेस गन.

मंडपात शिडीवर चढून काम करणाऱ्यांना आणि जिथे वीज जाते तिथे बॅटरीची गन सोयीची. तापवायलाच बॅटरीचा मोठा वाटा जातो, त्यामुळे दर वेळी बंद-चालू करण्यापेक्षा काम साठवून एका दमात करावं. घरी टेबलावर बसून करायचं असेल तर तिच्यावर खर्च करू नये.

११. "लो" म्हणजे भाजणार नाही, असं नव्हे.

हे मी प्रत्येक पालकाला तोंडावर सांगते. १२० अंश म्हणजे उकळत्या पाण्यापेक्षा वीस अंश जास्त, आणि पाणी ओघळून जातं, गोंद चिकटून राहतो. लहान मुलांच्या हातात गन एकट्याने देऊ नये, मग ती कितीही "मुलांसाठी" म्हणून विकली जात असो. बोटांना सिलिकॉनच्या टोप्या घालाव्यात, बारीक वस्तू चिमट्याने धराव्यात. भाजलंच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरावा. गोंद ओढून काढू नये, कातडी सोबत येते. टूथपेस्ट, हळद, शाई, काहीही लावू नये. फोड मोठा असेल किंवा गोंद निघत नसेल तर दवाखाना गाठावा. एका आजींनी नातवाच्या बोटाला तूप चोळलं होतं; आत धरून राहिलेली उष्णता त्याने निघत नाही, हे त्यांना समजावलं तेव्हा त्यांनी मान्य केलं आणि आता त्या स्वतःच वर्गात पाण्याची बादली भरून ठेवतात.

१२. जोड पुढे कुठे राहणार आहे?

गन कितीही भारी असो, उष्णतेने वितळणारा गोंद उष्णतेनेच सुटतो. साधारण ६० अंशांच्या पुढे त्याची पकड ढिली पडू लागते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवलेली गणपतीची मूर्ती घसरते, यात गनचा दोष नाही. पत्र्याच्या शेडला टेकलेली कमान, गच्चीवरचं तोरण, देवघरात समईच्या अगदी जवळची झालर, इथे टाका घालावा, तार बांधावी किंवा दुसरा गोंद वापरावा.

आकाशकंदिलाबाबत माझा नियम आणखी कडक आहे. जुना ६० वॅटचा पिवळा दिवा आत लावला तर कंदिलाच्या माथ्याशी गरम हवा साचते आणि तिथलेच जोड आधी उकलतात, करंज्या एकेक करून खाली लोंबू लागतात. एलईडीचा दिवा लावला तर ही भीती बरीच कमी होते. तरीही होल्डर कधी ग्लू गनने चिकटवू नये. बांबूच्या काड्यांची चौकट दोऱ्याने बांधावी, होल्डर त्या चौकटीला तारेने अडकवावा, वायरला गाठ मारून तिचा भार चौकटीवर द्यावा, आणि गन फक्त कागद आणि झिरमिळ्यांसाठी हातात घ्यावी.